सावलीची बाजू

आमच्या घरी रस्त्याला डावी-उजवी बाजू नव्हतीच. एक सावलीची आणि एक उन्हाची, एवढंच. होळी या आमच्या गावाहून माणिकपूरला स्टेशनाकडे जाताना चिंचांची रांग उजव्या अंगाला होती, डावीकडे उघडी भातशेतं. वडील मळ्यातली विड्याची पानं बैलगाडीतून स्टेशनावर पोचवायचे. उन्हात पान बघता बघता करपतं, म्हणून टोपल्यांवर ओलं गोणपाट आणि गाडी चिंचांखालून. बैलांनाही त्यांनी तेच वळण लावलं होतं. कासरा सैल सोडला तरी जोडी आपसूक सावली धरायची. पाहुण्यांना हे कौतुक ते इतक्या वेळा ऐकवायचे, की आई म्हणायची, "पुरे आता, दिष्ट लागंल बैलांना."

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी त्या रस्त्यावर डांबर आलं आणि डांबरामागून ट्रक आले. गावाला कोण आनंद! मला मात्र तो काळा रस्ता पहिल्या उन्हाळ्यातच नकोसा झाला. दुपारी डांबर पाघळायचं, बैल पाऊल टाकायला बिचकायचे आणि सावली सोडायला तर मुळीच तयार नसायचे. वडिलांनी एकदोनदा गाडी डावीकडे ओढून पाहिली. बैल पुन्हा चिंचांखाली. शेवटी त्यांनीच नाद सोडला.

वैशाखातल्या एका दुपारी समोरून दगडांचा ट्रक आला. तो आपल्या डाव्या बाजूनं, म्हणजे आमच्याच सावलीतून. भगभगीत उन्हातून एकदम गर्द सावलीत शिरलं की क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येतो. त्या ड्रायव्हरला गाडी दिसलीच नाही. धडकेनंतर तो आमच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडला. त्याच्यावर आग पाखडायची होती मला, पण जमलं नाही.

वडील जागीच गेले होते. त्यांना घरी आणलं, तेव्हा बरोबर एक हवालदार आला. त्यानं आईला विचारलं, "बाई, तुमचे मालक नेहमी कुठल्या बाजूनं जायचे?"

"सावलीच्या."

"म्हणजे उजव्या. ती चुकीची बाजू, बाई. चूक त्यांचीच."

माणूस वाईट नव्हता. बोलून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि अंगणात मान खाली घालून उभा राहिला. पण वडिलांना अजून उचललंही नव्हतं हो! तेवढा वेळ तरी त्यानं तोंड आवरायचं होतं. आई रडायची थांबली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

त्यानंतर माणिकपूरला जायचं झालं, की आई डाव्या बाजूनं चालायची. भर उन्हात, अनवाणी. तळव्यांना डांबर चिकटायचं. घरी आल्यावर मी खोबरेल चोळून ते सोडवायचे, तर खाली कातडी सोललेली. माझा जीव तुटायचा आणि संतापही व्हायचा.

"अगं, तो नियम गाड्यांना आहे," मी भर रस्त्यात ओरडायचे. "चालणाऱ्यानं उजवीकडूनच चालायचं असतं!"

"असूं दे," ती म्हणायची. "आपल्या घरचं मानूस चुकलं, असं परत कुनी म्हनाया नको."

चार पावलांवर चिंचांची गार सावली असायची. मी तिचा हात धरून तिकडे ओढायचे, आणि ती माझ्या हातातून आपला हात सोडवून घ्यायची.