बळवंतरावांचा प्रार्थनेचा विषय

बळवंतराव साळवे म्हणजे आपला हात जगन्नाथ. ख्रिस्ती माणसाला ही म्हण लावू नये म्हणा, पण दुसरी सुचत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले, दिल्लीच्या द्वारका भागात फ्लॅट घेतला, आणि नळ गळो की पंखा करकरो, मिस्त्रीला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची शनिवारी सकाळी पाळीपाळीने घरोघरी प्रार्थनासभा भरते. तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीतून न्यायचं काम त्यांचंच.

सभेच्या शेवटी प्रत्येकाने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, अशी रीत. कुणाचे गुडघे, कुणाच्या नातवाची यूपीएससी. बळवंतराव सगळ्यांसाठी देवाकडे अगदी तोंडभरून मागायचे. स्वतःची पाळी आली की मात्र ठरलेलं वाक्य, "माझं काही नाही." बायकोने, अलकनंदाने, टोकलं की म्हणायचे, देवाला आधीच काय कमी कामं आहेत?

आणि काही नव्हतं असं थोडंच होतं! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, पण यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. वडिलांचा डोळा गावच्या शिबिरात ऑपरेशननंतर गेला होता. तो धसका मनात होता. शिवाय गाडी चालवणं सुटलं की आपल्याला विचारतंय कोण, ही दुसरी भीती.

जानेवारीत एकदा सभा दिल्लीच्याच रोहिणी भागात, मंडळींपैकी चेतनाकडे होती. धुकं असं की बॉनेटसुद्धा धड दिसेना. शेजारी अलकनंदा, मागे ऐंशी ओलांडलेल्या कुसुमावतीबाई. बळवंतराव पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून चालले होते, पाट्या काही दिसत नव्हत्या. अलकनंदा म्हणाली, अहो, वळण गेलं. रस्ता मला ठाऊक आहे, यांचं उत्तर. धुकं विरळ झालं तेव्हा गाडी पानिपतच्या हायवेला लागलेली! मराठी माणसाने या रस्त्याला लागू नये, इतकी तरी अक्कल हवी होती. पण बाई मागून म्हणाल्या, चला, ढाब्यावर पराठे तरी मिळतील.

तेवढ्यात अलकनंदा किंचाळली. समोर ट्रॅक्टरची बिनदिव्याची ट्रॉली उभी होती. बळवंतरावांनी तिच्या आवाजावर ब्रेक दाबला. वीतभर अंतर राहिलं.

पुढच्या ढाब्याशी त्यांनी गाडी लावली. चहा गाडीतच मागवला. अलकनंदाने चेतनाला फोन करून आमची वाट पाहू नका म्हणून कळवलं, आणि बाईंनी फर्मावलं की सभा इथेच, गाडीतच होईल. गाणं झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं. बाईंनी गुडघ्यांचा विषय सांगितला, अलकनंदाने लेकीचा, देवयानीचा. मग पाळी बळवंतरावांची.

"माझं..." म्हणाले आणि अडकले. डोळ्यांना धारा लागल्या. "मला दिसत नाही. डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. मला ऑपरेशनची भीती वाटते हो. आज तुम्हा दोघींना मी मारलंच असतं. माझ्यासाठी मागा."

अलकनंदाला राग आला, मग रडू आलं. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

कुसुमावतीबाई म्हणाल्या, "बळवंतराव, इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी मागितलंत. आम्हाला कधी मागू दिलं नाहीत." मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बाईंनी अशी प्रार्थना केली की चहा गार झाला. बळवंतरावांना मात्र फार बरं वाटलं. लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं, तसं.

परतताना त्यांनी किल्ली अलकनंदाच्या हातात दिली. तिच्याकडे लायसन्स होतं, देवयानी आली की तिच्या गाडीवर हात साफ करून घ्यायची. नवऱ्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला मात्र तिचा हात कधी लागला नव्हता. बळवंतराव डावीकडे बसले. वाटभर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत राहिले.

पुढच्या शनिवारच्या सभेला अलकनंदानेच गाडी आणली. विषय विचारायच्या आधीच बळवंतरावांनी हात वर केला. "माझे दोन आहेत," म्हणाले. "बुधवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आणि हिच्या शेजारी बसल्यावर माझा उजवा पाय शांत राहू दे."

सगळे हसले, आणि मग सगळ्यांनी त्यांच्यासाठी मागितलं. दोन्ही विषयांसाठी.