पाच पॉइंट एक

रुबीना गेल्याचा फोन तिच्याच नंबरवरून आला. मी कंपनीत टेस्टिंगच्या टेबलावर होते. नाव दिसलं म्हणून हसतच उचलला, तर पलीकडे तिचे अब्बा. "प्रतीक्षा बेटा, रुबीना गेली. डेंगू झाला हुता... काल माती बी झाली." मी "हो" म्हणाले. फोन ठेवला आणि ट्रेमधले उरलेले चौदा सर्किट बोर्ड तपासले. सगळे पास झाले. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला. गवारीची भाजी होती. आता पाच आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल.

आमची ओळख एसटीतली. ती इंदापूरला बसायची, मी सणसरला चढायचे. दोघी बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला, वर्गात मुली सहाच. तिच्या अब्बांचं इंदापुरात पंखे, मिक्सर, स्टॅबिलायझर दुरुस्त करायचं दुकान. माझे वडील कंत्राटी कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, मी वाचायला शिकले तेच मुळी त्यांच्यावर. कॉलेजात मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. पहिल्याच सत्रात मी पत्रक काढलं, आठवड्यात कडी बसली. तेव्हापासून रुबीनासाठी मी पत्रकवाली. सणसरला बस थांबली की खिडकीतून ओरडायची, "ए पत्रकवाले, चढ लवकर! तुझ्या जागंसाठी तीन आज्यांशी भांडलीय मी. त्याच्यावर काढ आता पत्रक!"

प्रात्यक्षिकांच्या वहीला आम्ही फाइल म्हणायचो. फाइल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायची, तक्ते आणि आकड्यांसकट. प्रयोग करा, न करा, आकडे तेच उतरवायचे. सरांना ठाऊक होतं, मुलांना ठाऊक होतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. यंत्राला खोटं बोलता येत नाही म्हणून ज्या विद्येवर विश्वास ठेवायचा, ती आम्ही खोटे आकडे लिहून शिकत होतो. असं वाक्य मी तेव्हाच पत्रकात लिहायला हवं होतं... लिहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी झेनर डायोडचा प्रयोग होता. ज्वारीच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा, ठरावीक व्होल्टेजला पोचला की तिथंच धरून राहतो. फाइलमध्ये तो आकडा होता सहा पॉइंट दोन. मी आणि रुबीना एकाच टेबलावर. आमच्या मीटरवर आलं पाच पॉइंट एक. तीनदा केलं, तीनदा तेच. मग रुबीनानं डायोड उपसून काढला, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. डायोडच पाच पॉइंट एकचा होता.

"म्हंजी जुना कवातरी जळला," ती म्हणाली. "नवा बसवला, पर फाइल कुणी बदलली न्हाय. सगळी पोरं मेलेल्या डायोडचं रीडिंग लिवत्यात गं!"

आम्ही टेबलावर डोकं टेकून हसलो. मग तिनं आपल्या फाइलमध्ये पाच पॉइंट एक लिहिलं आणि मी माझ्या फाइलमध्ये सहा पॉइंट दोन. सबमिशनला दोन दिवस उरले होते आणि कडीच्या पत्रकापासून मी सरांच्या डोळ्यांवर आले होते. ही सबब सांगत नाही. झालं ते सांगते.

फाइलवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. रुबीनाच्या घरी ठरलेलं होतं, एक सत्र जरी राहिलं तर कॉलेज बंद. मावशीनं स्थळ आणूनच ठेवलं होतं. हे मला माहीत होतं. सरांनी तिची फाइल उघडली आणि त्या पानावर बोट ठेवलं. "सगळ्या वर्गाचं सहा पॉइंट दोन, आणि तुझ्या एकटीचं पाच पॉइंट एक? दुरुस्त कर आणि सही घे."

"सर, चला ना. मीटर लावून दावते."

"मला शिकवू नकोस." मग ते माझ्याकडे वळले. "तू हिच्याच टेबलावर होतीस ना? तुझं किती आलं?"

"सहा पॉइंट दोन," मी म्हणाले.

रुबीनानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फाइल उचलली आणि बाहेर गेली. परतीच्या बसमध्ये मात्र शेजारीच बसली. मी म्हणाले, "बदल ना गं. एका आकड्यानं काय होतंय?"

"मग तूच बदलायचा हुता की," ती म्हणाली. सणसर आलं तशी मी उतरले.

तिचं सत्र गेलं. घरी तिनं काय काय ऐकून घेतलं, ते मला कधीच कळलं नाही. एवढंच कळलं की स्थळ परत गेलं, आणि पुढच्या वर्षी अब्बांनीच तिला बसमध्ये बसवून दिलं. तोवर सर बदलले होते. नव्या सरांनी तिच्या पाच पॉइंट एकवर न वाचताच सही केली. मला कॉलेजातूनच नोकरी लागली. तिच्या वर्षाला कंपनी आलीच नाही, ती अब्बांच्या दुकानात बसली. आम्ही बोलत राहिलो, भेटत राहिलो. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मी काढला नाही. मधल्या काळात मी बरीच पत्रकं लिहिली, सगळी दुसऱ्यांच्या खोटेपणावर. गेल्या ईदला माफी मागायची असं ठरवून गेले होते. शिरखुर्मा खाऊन परत आले.

परवाच्या रविवारी इंदापूरला गेले. अब्बा दुकानात एकटेच होते. फळीवर तीन स्टॅबिलायझर, प्रत्येकावर पांढऱ्या टेपचा तुकडा. टेपवर रुबीनाच्या अक्षरात व्होल्टेजचा आकडा आणि खाली 'रु.' "दुरुस्त झालं की मीटर लावायची आन् यील ते लिवायची," अब्बा म्हणाले. "लोकं म्हणायची, पुरतं दोनशे तीस लिवा, बरं वाटतंय. ऐकायची न्हाय. ही तीन न्यायला गिऱ्हाईक येऊन गेलं... म्या म्हणलं, अजून झाली न्हाईत."

तेवढ्यात एक जण आपला स्टॅबिलायझर न्यायला आला. तो अब्बांनी स्वतःच दुरुस्त केला होता. त्यानं मागून-पुढून पाहिला. "चाचा, पोरगी चिकटवायची ती पट्टी कुठं हाय?" अब्बांना मीटरवरचे आकडे नीट दिसत नाहीत. त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. मी लावला. दोनशे चोवीस.

"दोनशे तीसच लिवा की ताई," तो म्हणाला. "फ्रीज बायकूचा हाय, घरी ऐकून घ्यावं लागतंय मला."

मी टेपवर २२४ लिहिलं. खाली 'रु.' लिहावं असं फार वाटलं, पेन टेकवलासुद्धा. पण हे रीडिंग तिनं घेतलेलं नव्हतं. मी 'प्र.' लिहिलं. अब्बांनी टेप चिकटवून वरून अंगठा फिरवला.

"दोनशे चोवीस, प्र," त्यानं मोठ्यानं वाचलं. "ही प्र कोण?"

"मी," मी म्हणाले. "रीडिंग मी घेतलंय."