कूलरसमोरच्या काचा

ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एक विद्यार्थिनी अर्ध्यातच का गेली, असं पत्नीनं दोनदा विचारलं, तेव्हा दोन वेगळ्या थापा मारल्या. निवृत्तीच्या समारंभात प्रामाणिकपणावर भाषण केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता डॉक्टर माझ्याशी न बोलता माझ्या मुलाशी बोलू लागले आहेत, म्हणून लिहून टाकतो.

नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या एका थेंबावरून सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार ओळखणारी काचपट्टी बनवायचं काम चालायचं. काचेवर झिंक ऑक्साइडच्या, केसाहून कितीतरी बारीक काड्या उगवायच्या. त्यांवर एका रसायनाचा पातळ थर द्यायचा. त्या थराला मग प्रतिपिंड, म्हणजे रक्तातला नेमका दोष पकडणारी प्रथिनं, जोडायची. थर सारखा बसला तर पट्टी काम करते, नाहीतर ती नुसती काच. आणि ओल्या हवेत या रसायनाच्या गुठळ्या होतात. हे मीच वर्गात शिकवत असे.

पारशिवनीकडच्या एका खेड्यातून एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी.साठी आली होती. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल होता. हिवाळ्यात तिच्या पट्ट्या सुरेख चालल्या. काही मोजण्या तर मी स्वतः शेजारी उभा राहून पाहिल्या. एप्रिलात खिडकीला कूलर लागला. त्याचा गार, ओला झोत तिच्या ओट्यावरून थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा. पट्ट्या एकामागून एक फसू लागल्या.

दुपारी सगळे डबे उघडून बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "सर, थर देताना कूलर बंद ठेवू का? हवेत ओल येऊन राहिली."

"काहून? तुझ्या काचांना सर्दी होते का?"

सगळे हसले. एका विद्यार्थ्यानं तोंडात घास असतानाच भर घातली, "सर, काचांले स्वेटर विणाले सांगा तिले."

"एकच दिवस, सर."

"तुझ्या चुकीपायी मी एक दिवस उन्हात शिजू?"

ती बरोबर बोलत होती, हे मला त्याच क्षणी कळलं. पण माझाच धडा सगळ्यांदेखत तिनं मला दिला, हे मला सोसवलं नाही. कूलर चालू राहिला. पट्टी फसली की तो निकाल मी तिला उभं करून मोठ्यानं सांगायला लावायचो. तिचा आवाज बारीक झाला की म्हणायचो, "मागं ऐकू आलं नाही."

मे महिन्यात तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते एसटीनं आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही. म्हणालो, "तुमच्या मुलीनं हिवाळ्यातले आकडे मनानं लिहिले. भावाचा आजार सांगून कुणी डॉक्टरेट मिळवत नसतं."

"बाबा, मी काही खोटं नाही केलं," ती म्हणाली.

वडील तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मंग सर खोटं बोलतीन का वं?"

मी टेबलावरचे कागद आवरू लागलो. ती त्याच दिवशी गेली.

पुढे आठवड्याभरात कूलरचा पंप जळाला. दुरुस्तीवाला लवकर आला नाही. त्या कोरड्या, भाजणाऱ्या हवेत स्वेटरवाल्या विद्यार्थ्यानं पट्ट्या केल्या आणि त्या सगळ्या चालल्या. "तुझ्या हाताला गुण आहे," असं मी त्याला म्हणालो. मग कोरड्या हवेची बंद पेटी मागवली, शोधनिबंध छापला आणि तिचं नाव त्यात येऊ दिलं नाही. ती बुटीबोरीच्या कुठल्याशा कारखान्यात सांडपाणी तपासायला लागली, असं कानावर आलं. तिची पीएच.डी. तिथंच संपली.

निवृत्तीनंतर, गेल्या दिवाळीत, मी तिच्या गावी गेलो. वडील ओसरीवर होते. मला ओळखताच उठून माझ्या पायाशी वाकले.

"सर, तुम्ही काहून आले एवढ्या दूर? आमीच याले पायजे होतं. पोरीनं तुमचं नाव खराब केलं. तवापासून मी तिच्याशी बोलत नाही."

ती सुट्टीवर आली होती. पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मी बोलेन असं तिला वाटलं असावं.

"पाहत काय राहिली वं? माफी माग सरांची," वडील ओरडले.

ती गडवा खाली ठेवून म्हणाली, "चुकलं, सर."

आणि मी, ज्यानं तोंड उघडायलाच इतका प्रवास केला होता, म्हणालो, "असू दे. मी तुला केव्हाच माफ केलं."

वडिलांनी डोळे पुसले. चहा आला, तो मी प्यालो. ती पुन्हा बाहेर आली नाही. वडील मला फाट्यापर्यंत सोडायला आले आणि बस येईपर्यंत माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करत राहिले. बस सुटली तरी मला त्यांना म्हणता आलं नाही, की तुमची मुलगी खरं बोलत होती, मला ते तेव्हाच ठाऊक होतं, तिला हाक मारा, मला तिची क्षमा मागायची आहे.