कोटाची पाच बटणं

आमच्या वाडीत कोट एकच होता. काळा, बंद गळ्याचा, पाच बटणांचा. मुंबईला गिरणीत नोकरी करून परतलेल्या एका म्हाताऱ्याचा तो कोट. ज्याला सरकारदरबारी जायचं असेल त्याने तो मागून न्यायचा आणि आल्यावर घडी घालून परत द्यायचा, असा रिवाजच पडून गेला होता. देताना म्हातारा न चुकता बजावायचा, "गळ्यापास्नं खालपतुर सगळी बटणं लावायची. उघड्या छातीच्या मानसाला शिपाई दारातनंच हाकलतो."

हा कोट मी माझ्या थोरल्या भावाला घातला, आणि त्या कोटाने त्याचं पेन्शन खाल्लं. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझं डोकं तापतं.

दादा पहिल्या मोठ्या लढाईत इराकात, बसऱ्याला होता. तिथे तोफेच्या गोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला. जखम भरली, पण बोटं गेली ती गेलीच. गेली म्हणजे तुटली नाहीत; पाचही जागच्या जागी होती, फक्त वाकत नव्हती. सरकारने जखमेचं पेन्शन दिलं. आमची शेती भाताची, म्हसळ्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत. नांगर धरायचा तर मूठ लागते. पेन्शनच्या आधारावर दादा नांगरणीला गडी ठेवायचा आणि स्वतः बांधावर उभा राहून डाव्या हाताने जमेल ते करायचा. पेन्शन बंद म्हणजे गडी बंद, आणि गडी बंद म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला देऊन आपण त्याच्या दारात उभं राहायचं. वहिनीला याचीच धास्ती होती.

आणि दादा असा मानी, की आपल्या हाताचं दुखणं त्याने वाडीला कधी कळूच दिलं नाही. धोतर नेसायचं झालं की वहिनी आधी दार लोटून घ्यायची. चारचौघांत तो उजवा हात बंडीच्या खिशात ठेवायचा. मी शेजारच्या गावात शाळामास्तर. मला तो नावाने हाक मारत नसे, "मास्तर" म्हणायचा, त्यात थट्टाही असायची आणि कौतुकही.

काही वर्षांनी कागद आला: जखम तपासायला लष्करी डॉक्टरांच्या बोर्डापुढे हजर व्हा. बोर्ड घाटावर बसायचं. आगबोट, मग रेल्वे, असे आम्ही दोघं गेलो. बोर्डाच्या दाराबाहेर मी दादाला कोट चढवला आणि पाचही बटणं लावली. म्हाताऱ्याची ताकीद डोक्यात होती ना! दादाची दाढी मी आदल्या दिवशीच करवली होती. वर शहाणपणा केला, "साहेबापुढे ताठ उभा राहा. रडगाणं गाऊ नकोस."

तो कशाला रडगाणं गाईल? आत जाऊन त्याने खाडकन सॅल्यूट ठोकला. ज्याची बोटं वाकतच नाहीत त्याचा सॅल्यूट ताठ नाही तर कसा येणार? डॉक्टरसाहेबाने फाईल बघितली, दादाला बघितलं, दंड चाचपला आणि जायला सांगितलं. आमची वाट तीन दिवसांची, साहेबाची तपासणी पान खाऊन होईल इतक्या वेळाची.

महिन्याभराने पेन्शन बंद झाल्याचा कागद आला. तो इंग्रजीत. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच, म्हणून कागद घेऊन अलिबागला एका वकिलांकडे गेलो. गोरगरिबांची कामं घेणारे म्हणून त्यांचं नाव ऐकलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि मराठीत सांगितलं, "अर्जदार धडधाकट दिसतो. सलाम उत्तम करतो. पोशाख नीटनेटका, कोटाची सर्व बटणे लावलेली. सबब उजव्या हाताचा उपयोग पुरेसा आहे."

मला वाटलं, हे थट्टा करताहेत. "बटणं?" मी म्हणालो.

"बटणं. कोणी लावली होती?"

"मी."

वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघायला लागलो. "मास्तर," ते म्हणाले, "साहेबाने हात बघितला नाही हा त्याचा गुन्हा. पण बघायची गरजच पडू नये अशी सोय तुम्ही करून दिलीत."

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. पण संताप आला तो फक्त माझा मलाच नाही. माणसाच्या हातापेक्षा त्याचं बटण ज्यांना खरं वाटतं, त्यांना काय म्हणावं? आम्ही फाटक्या कपड्यांत गेलो असतो तर दारातून हाकललं असतं. धड कपड्यांत गेलो, तर धडधाकट ठरलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

वकिलांनी अपील लिहिलं. त्यात मागणी एकच: अर्जदाराला तोच कोट घालून बोलवावं, आणि तो बोर्डासमोर त्याने उजव्या हाताने काढावा. फी विचारली तर म्हणाले, "भाताच्या वेळी चार पायली नवे तांदूळ पाठवा."

दादाला हे सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "मी तमाशा करनार न्हाय, मास्तर. लढाईत जखम झाली ती साऱ्यांनी पाह्यली. आता काय नाचून दाखवू?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी वहिनीच म्हणाली, "तुमचा मान तुमच्यापाशी ऱ्हाईल, पन शेत न्हाय ऱ्हायाचं." मग तो म्हाताऱ्याकडे स्वतः जाऊन कोट घेऊन आला.

अपिलाला वकील स्वतःच्या खर्चाने आले. दोन साहेब होते आणि एक कारकून. आत नेण्याआधी पुन्हा मीच बटणं लावली, आणि या वेळी वकिलांनी ते साहेबांना आधीच सांगून टाकलं. एका साहेबाने दादाला डावा हात पाठीमागे धरायला लावला. "हं, काढ."

दादाने उजवा हात गळ्याशी नेला. बोटं बटणावरून घसरत होती. पुन्हा नेली, पुन्हा घसरली. दादाच्या कपाळावर घाम आला, कान लाल झाले. इतकी वर्षं वहिनीने दार लोटून घेऊन जे झाकलं होतं, ते तीन परक्या माणसांसमोर उघडं पडत होतं, आणि मी भिंतीला टेकून बघत होतो. मला ओरडावंसं वाटलं, पुरे करा! ओरडलो नाही. पेन्शन पाहिजे होतं.

मग दादाने ती ताठ बोटं दोन बटणांच्या मधल्या फटीत खुपसली आणि सगळा हात हिसडून खाली ओढला. दोरा तुटला. बटण उडून फरशीवर पडलं आणि मेजाखाली घरंगळत गेलं. कारकुनाने वाकून ते उचललं आणि साहेबापुढे ठेवलं. साहेबाने पेन्सिलीच्या टोकाने ते फाईलजवळ सारलं आणि म्हणाला, बास. ते परत मागायची हिंमत मला झाली नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा हुकूम पोचला. तोवर माझं इंग्रजी बरं झालं होतं. अंगणात वहिनी, दादा आणि तो कोटवाला म्हातारा बसले होते. मी वाचून दाखवलं: पेन्शन पूर्ववत सुरू करावं. वहिनीने पदराने डोळे टिपले. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, बटण गेलं तं गेलं."

खाली अजून एक ओळ होती. मग तीही वाचली. हात सुधारला आहे की कसं हे पाहण्यासाठी अर्जदाराने दर वर्षी बोर्डापुढे हजर राहावं.

मी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दादाने उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत मांडीवर ठेवला.

"जाऊ की, मास्तर," तो म्हणाला. "कोटाला अजून चार बटणं हायत."