लाखेनं चिकटवलेली बी

कुणी काही ठामपणे बोललं की दिगूसर विचारायचे, "ह्यां मत तुका कोणी दिल्यान?" त्यात राग नसायचा. एखाद्याच्या अंगावरचा शर्ट आवडला, तर कुठून घेतलास म्हणून विचारावं, तसं विचारायचे.

आमची पहिली गाठ याच प्रश्नावर पडली. मालवणच्या मासळी बाजाराबाहेर मी बाइक लावून उभा होतो आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला फुकटचा सल्ला दिला, "आज बांगडो घेव नकात, बरो नाय."

म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवला. "तू बघितलंस?"

"नाय."

"मगे कोणी सांगल्यान?"

मी समोरच्या रिक्षावाल्याकडे बोट दाखवलं. रिक्षावाल्याने चहावाल्याकडे दाखवलं. चहावाला कपबशी विसळत म्हणाला, "नंदूच सांगी होतो मरे, गेल्या हप्त्यात."

नंदू म्हणजे मी. सरांना एवढा आनंद झाला, की त्यांनी तिथल्या तिथे बांगड्यांचा वाटा घेतला आणि त्यातले निम्मे माझ्या पिशवीत टाकले. बांगडे उत्तम होते. ते तळताना वैजू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आज बांगडो बरो नाय म्हणी होते." मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं किती दुर्मीळ आहे, हे आमच्या वाडीत विचारा.

हे म्हातारबोवा आमच्याच वाडीतले निघाले. शिक्षणासाठी लहानपणी गेले ते पुण्याला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होऊन तिथेच राहिले. बायको गेली, मुलीचा संसार पुण्यात रुळला, तेव्हा घराची कौलं परतून एकटेच गावी आले. "हंयच मराचा आसा," असं ते एखाद्याने दुपारी झोपायचा बेत सांगावा तसं सांगायचे. त्याआधी एक इच्छा होती: जत्रेत देवाच्या पालखीला खांदा द्यायचा. पोरपणी तेवढी उंची नव्हती आणि पुढे जत्रेच्या वेळी नेमक्या परीक्षा यायच्या.

माझा धंदा निवास-न्याहारीचा. खोल्या तीन, गोष्टी अगणित. गोष्टीत खरं किती हे विचारायला पाहुणे परत येत नाहीत, म्हणून धंदा चालतो. सरांना मात्र माझ्या गोष्टी आवडायच्या. संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो. पडवीच्या जमिनीवर खडूने पट आखलेला असायचा. घराघरात एकेक बी: काजूबी म्हणजे होय, सुपारी म्हणजे नाय. सर फासे टाकायचे. फासे ज्या घरावर नेतील, तिथली बी उचलायची आणि तिच्या कुठल्याही एका शेजाऱ्यासारखी दुसरी ठेवायची. बस्स, एवढाच खेळ. कोण शहाणा, कोण मूर्ख, कोणाचं म्हणणं खरं, याचा संबंध नाही. तरी खेळत राहिलं की हळूहळू काजूबियांचं एक बेट व्हायचं, सुपाऱ्यांचं दुसरं, आणि शेवटी सगळा पट एकाच जातीच्या बियांचा.

"बघ, सगळ्यांचा एकमत झाला," सर म्हणायचे. "आणि विचार कोणीच करूक नाय."

जगात मोठमोठे लोक हेच संगणकावर करतात, असं त्यांनी मला सांगितलं. चुंबकातले कण शेजाऱ्याकडे बघून त्याच्याच दिशेला तोंड फिरवतात, त्याचंच गणित माणसांच्या मतांना लावतात. मी म्हटलं, सर, ह्याच्यासाठी पुण्याक जावक कित्याक व्हया, आमच्या भिकूच्या हॉटेलात बसा. ते मनापासून हसले. दुसऱ्या दिवशीपासून खरंच भिकूच्या हॉटेलात बसायला लागले.

एकदा त्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवून एक सुपारी पटाच्या मधोमध चिकटवून टाकली. फासे तिच्यावर आले तरी तिला हलवायचं नाही. "आता खेळ." त्या दिवशी पट संपूर्ण काजूबियांचा झालाच नाही. झाल्यासारखा व्हायचा, पण चिकटलेल्या सुपारीच्या शेजारी पुन्हा एखादी सुपारी उगवायची.

"तिच्या अंगात अक्कल नाय, ताकद नाय," सर म्हणाले. "फक्त हलणा नाय."

त्याच सुमारास वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कुठलीशी कंपनी मोठं हॉटेल बांधणार, अशी बोलवा उठली. जमिनी विकायच्या की नाही, यावरून वाडी पेटली. सरांच्या दृष्टीने हा खराखुरा पट होता. ते घरोघर जायला लागले. तुझं मत काय, आणि ते तुला कोणी दिलं, एवढंच विचारायचे. काही लिहून घ्यायचे नाहीत. "लिवक काढला की माणूस फोटो काढल्यासारखो सरळ बसता. मगे मत पण सरळ बसवता." दूरच्या घरांना मी त्यांना बाइकवर मागे बसवून न्यायचो. लोक त्यांना सोलकढी द्यायचे, पोटभर बोलायचे.

आणि मग भिकूच्या हॉटेलात कोणीतरी मला विचारलं, "तो तुझो सर घराघरान फिरान करता काय रे?"

खरं उत्तर लांब होतं आणि त्यात हशा नव्हता. मी म्हटलं, "कंपनीचो माणूस आसा तो. कोण विकाक तयार आसा, ता हुंगता."

हशा झाला. भिकूने चहाचे पैसे घेतले नाहीत. मी खूश होऊन घरी आलो आणि विसरलो. विसरलो म्हणजे अगदी, एखाद्या पाहुण्याला सांगितलेली भुताची गोष्ट विसरतो तसा.

पुढे काय झालं ते मी पाहत होतो, पण मला कळत नव्हतं. ज्या घरी सोलकढी मिळायची तिथे सरांना "घरात कोण नाय" असं घरातलंच माणूस सांगायला लागलं. दूधवाला त्यांचं दार टाळून पुढे जायचा. मासे विकणारी शेवंताकाकी त्यांना बघून पाटीवर फडकं टाकायची. सर म्हणायचे, "पटाचो नमुनो भारी आसा. कायतरी पलटता हा." आणि जत्रेत पालखी उठली तेव्हा ते पंचा खांद्यावर टाकून पुढे झाले, तर दोन्ही बाजूंचे खांदे एकमेकांना असे भिडले, की मधे हात जाईना. सर पालखीच्या मागून चालत राहिले. मी देवळाच्या पायरीवर एका पाहुण्याला पालखीची माहिती देत होतो.

दोन दिवसांनी वैजूने ताटात भात वाढता वाढता सांगितलं, "सरांका कंपनीचो पगार आसा. पुण्यासून गाडी येता म्हणे. शेवंताकाकी सांगा होती."

आता ऐका माझं शहाणपण. गाडी मी स्वतः पाहिली होती. ती सरांच्या मुलीची होती, तिने मला राम राम केला होता. तरीही माझ्या डोक्यात हळूच आलं, असेल बुवा. शेवंताकाकी कधी खोटं बोलत नाही. पगार, गाडी, सगळं कसं जुळत होतं. माझीच थाप वाडीभर फिरून, नवे कपडे घालून दारात आली आणि मी तिला ओळखलं नाही. उलट पाट मांडून बसवली.

हात धुतले आणि थेट सरांकडे गेलो. ते एकटेच फासे टाकत होते. त्यांनी चहा दिला. मी घसा साफ करून विचारलं, "सर, तुमका कंपनी पगार देता, ह्यां खरां?"

फासे त्यांच्या हातातच राहिले. "ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

"वैजून."

"तिका?"

"शेवंताकाकीन."

"काकीक?"

"ती भिकूच्या हॉटेलात पापलेट देवक जाता, थंय..."

इथे मी थांबलो. भिकूचं हॉटेल, तो हशा, फुकटचा चहा, सगळं एकदम समोर आलं. मी खाली बघितलं. सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना बाकीचा रस्ता विचारावा लागला नाही.

"म्हणजे ह्यो पण बांगडोच," ते म्हणाले. हसले. पण ते हसू नेहमीपेक्षा लवकर संपलं.

"सर, मी उद्या सगळ्यांका सांगतंय. परत घेतंय."

त्यांनी माझ्या कपाकडे बोट केलं. चहावर साय धरली होती. "ह्याची उष्णता खंय गेली?"

"गेली."

"नष्ट झाली नाय. तुझ्या हातात गेली, पडवीत गेली, भायर माडात गेली. आता सगळ्यांका सांग बघू, परत देवा." तरुणपणी त्यांनी याचाच अभ्यास केला होता. अगदी सूक्ष्म कण एकटा असला की होय आणि नाय दोन्ही एकदम सांभाळतो म्हणे, आणि भोवतालच्या जगाचा स्पर्श झाला की त्यातलं काहीतरी एकच होऊन बसतो. जे गळून जगात गेलं, ते कोणाला गोळा करता येत नाही.

मी उठलो तेव्हा ते पटाकडे बघत म्हणाले, "बाकीचे पलटतले, ता माका ठावक होता. तुका मी लाखेनं चिकटवलेली बी समजा होतंय."

मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचीही गोष्ट केली असती. या वाक्याची करता आली नाही.

देवळात गाव जमला तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ती थाप माझी, सरांचा काही संबंध नाही, देवासमोर सांगतो. मग भिकू म्हणाला, "आता सरांनी तुका पण पगार सुरू केल्यान काय रे?" आणि देऊळ हसलं. आयुष्यभर लोकांनी मी थापा मारल्या की मान डोलावली होती. एकदा खरं बोललो, तर ते माझी नवी थाप म्हणून घरोघर गेलं.

सर पुण्याला निघाले. मुलगी गाडीत सामान भरत होती. "रागान जातंय नाय," ते मला म्हणाले. "पण आपल्याक बघून दार लागता, ता ह्या वयात सोसणा नाय." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. आणखी कोणाकडे देणार होते?

मी आठवड्याला पडवी झाडून येतो. खडूच्या रेषा दमट हवेने पुसून गेल्या, काजूबिया उंदरांनी नेल्या. मधोमध ती एक सुपारी आहे तशीच चिकटून आहे. केरसुणी तिला वळसा घालून जाते.

भिकूच्या हॉटेलात मी अजून बसतो. रोज कोणाला तरी सांगतो, ती थाप माझी होती. आता लोकांना त्याचीही सवय झाली आहे. मी तोंड उघडण्याआधीच कोणीतरी म्हणतं, "होय रे, तुझीच थाप ती, चाय पी."

मधे सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. पावसाची, माडांची चौकशी झाली. मग त्यांनी विचारलं, "किती पलटले?"

"कोणीच नाय, सर."

मग म्हणाले, "आसांदे. तू पलटलंस नाय मां?"