सुनीचं बिनतिखटाचं वरण

सुनी माझ्यामुळे गेली, असं मी पंचवीस वर्षं मनात धरून होते.

आज तिच्या जाण्याचा दिवस.

नव्वदीतलं सुरत. गोडादऱ्यातली आमची गल्ली अर्धी धुळ्याची, अर्धी जळगावची. दिवसभर लूमची खडखड. लाइट गेली की इतकं शांत व्हायचं, की आम्ही पोरी उगाचच ओरडायचो.

सुनी शेजारच्या खोलीतली. माझ्याच वर्गात, पण दोन वर्षांनी लहान वाटेल एवढीशी. कान सतत वाहायचा, तोंड आलेलं असायचं.
पण बोलायला काय फटाकडी!

साड्यांचे कापलेले काठ आम्ही बाहुलीला नेसवायचो. त्या बाहुलीचं लग्न सुनीनं तीनदा मोडलं. म्हणे, "मुलगा लूमवरचा नको, मार्केटमधला पाहिजे."

तिचे वडील एचआयव्हीनं गेले. सुनीलाही जन्मापासून तेच आहे, हे गल्लीला कळलं.
मग दारं बंद. नळावर तिची बादली बाजूला. पाणी द्यायचंच झालं तर पेला वेगळा.

माझी माय तेवढी तिला आत बोलवायची, "ये व पोरी, मझार ये."
सुनीला तिखट झोंबायचं. म्हणून वरणात तिखट टाकायच्या आधी माय तिची वाटी काढून ठेवायची.
बाकीच्यांकडे सुनीचा पेला वेगळा होता. आमच्याकडे वरण वेगळं होतं.

मग मला कांजण्या आल्या.
मायनं दाराला कडुलिंबाची डहाळी लावली. सुनी डहाळीखालून वाकून आत आली, बाहुली घेऊन. मायनं अडवलं नाही. आमच्यात रीतच तशी, एका पोराला आल्या की बाकीच्यांना शेजारी बसवायचं, म्हणजे लहानपणीच येऊन जातात. माय म्हणाली,
"धाकलपनमाच ई गयं ते बरं ऱ्हास."

माझ्या आठ दिवसांत सुकल्या.
सुनीच्या सुकल्याच नाहीत. छातीत उतरल्या. सरकारी दवाखान्यातून ती परत आली नाही.

पुढे नर्सिंगला गेले, तेव्हा एका लेक्चरला कळलं. रक्तात आजाराशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या ज्या बाकीच्यांना कामाला लावतात, एचआयव्ही नेमक्या त्यांनाच संपवतो. मोठ्यांच्या शरीरानं निदान लागण होण्याआधी कितीतरी आजार ओळखून ठेवलेले असतात. जन्मापासूनच एचआयव्ही असलेल्या बाळाची ती शिकवणीच अर्धवट राहते. मग साध्या कांजण्याही जीव घेतात.

मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि खूप रडले.

आख्खी गल्ली सुनीपासून स्वतःला जपत होती. जपायला हवं होतं तिला, आमच्यापासून.
आणि जे एकच दार उघडं होतं, तिथूनच तिला आजार मिळाला.

मायला हे कधी सांगितलं नाही. सुनीला घरात घेतलं याचं तिला केवढं समाधान होतं. ते कसं हिरावून घेणार?

आज दुपारी बघते तर ओट्यावर वरणाची वाटी वेगळी काढलेली. माय आता थकलीय, डोळ्यांना कमी दिसतं.
"कुणासाठी गं?"
"सुनीना दिन शे ना व आज."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "माय, त्या कांजण्या..."

ती वाटीकडेच बघत म्हणाली, "माले डॉक्टरनी तवयच सांगेल व्हतं. तुना जीवले लागी म्हनीसन बोलनू नही."

म्हणजे तिला तेव्हापासूनच माहीत होतं; इतकी वर्षं दोघी एकमेकींच्या जिवाला लागेल म्हणून एकच गोष्ट लपवत होतो.

ती वाटी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. अगदी अळणी लागली. सुनी मात्र रोज बोटं चाटून खायची.

सुने, माफी मागायची राहिली होती. आज मागते.
माझ्याकडून आणि मायकडून तुला मनापासून श्रद्धांजली.