चौदा गाणी आणि वेंकूचा घसा

वेंकूचा घसा पुन्हा बसेल ही धास्ती काही केल्या माझी पाठ सोडत नाही. ती पलीकडच्या खोलीत गाढ झोपली आहे आणि मी इथे लिहायला बसून तिच्या खोकल्याची वाट पाहते आहे. खोकला येत नाही. तरी कान तिकडेच.

वेंकटलक्ष्मी माझी थोरली, वय चोवीस. चोळपुरमच्या शाळेत गणित शिकवते. सकाळी आठची बस, एकेका वर्गात साठ मुलं, आणि परत येताना बहुतेक वेळा उभ्यानं प्रवास. आवाज मात्र लहानपणापासून मोठा. आमच्या घरच्या राधाकल्याणात, म्हणजे राधाकृष्णाच्या लग्नाच्या भजनात, सहा वर्षांची असताना ती मोठ्या माणसांच्या वर स्वर लावायची. लोक कौतुक करायचे आणि मी रात्री तिची दृष्ट काढायची.

एक्याण्णव साली तो आवाज गेला. तंजावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. दुसरी कोणी रजा टाकून घरी बसली असती. ही शाळेत गेली. फळ्यावर उदाहरण लिहायची, एखाद्या मुलाला ते मोठ्यानं वाचायला लावायची, आणि कोणाचं चुकलं तर चुकल्या जागी खडूनं नुसतं टिंब द्यायची. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "तुमची मुलगी गप्प झाली तर पोरंही गप्प झाली. औषध कोणाला दिलं आणि लागू कोणाला पडलं!"

आवाज परत आला. पण तेव्हाच मी तिच्याकडून कबूल करून घेतलं की मला विचारल्याशिवाय ती कुठेही गाणार नाही.

तिनं विचारलं ते यंदा पोंगल झाल्यावर. आमच्या गावच्या महामहम तळ्याजवळ नटराज म्हणून एक तरुण आहे, हार्मोनियम आणि माइक दुरुस्त करतो, फावल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्यानं एक तमिळ नाटक बसवायला घेतलं होतं. बोलणं एकही नाही, सगळी गाणीच, आणि तीही रॉकच्या चालीची. गावावर रुसून पात्र बदलणाऱ्या नदीची गोष्ट. नदी म्हणजे आमची वेंकू.

"गाणी किती?" मी विचारलं.

"चौदा."

"त्यात तुझी?"

"अकरा," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "मधे मधे मला बसायला मिळतं, आई."

"नदी बसते कुठे गे?"

मी काढा उकळायला गेले. मिरी, ज्येष्ठमध, तुळस. चंद्रमौळी, म्हणजे आमचे हे, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तिचा घसा गिटारनं नाही जायचा. तुझ्या ह्या काढ्यानं जाईल."

शेवटी मी होकार दिला. एकच प्रयोग. त्यापुढे नाही.

तो प्रयोग आज संध्याकाळी झाला. गावच्या संगीत सभेचं छोटं नाट्यगृह, दोनशे खुर्च्या. माइकमध्ये वारा घुसतो म्हणून पंखे बंद. खुर्च्या रिकाम्या राहतील ह्या भीतीनं मी आमच्या एकादशीच्या भजनातल्या पाच बायकांना घेऊन गेले होते. त्यांतल्या वडील नागलक्ष्मी अक्का, वय सत्तर. पहिला ड्रम वाजला तसा त्यांनी माझा दंड धरला.

"हे गाणं आहे की भांडण?"

"दोन्ही, अक्का."

"मग ठीक."

वेंकूनं सुरुवात अगदी खालच्या पट्टीत केली. निळं सुती लुगडं, कंबरेला घट्ट खोचलेलं. तिसऱ्या गाण्यापासून ती स्टेजभर धावायला लागली, आणि धावता धावता गायची. मी शब्द ऐकत नव्हते. बोटांवर गाणी मोजत होते आणि तिच्या गळ्याची शीर पाहत होते. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती, आणि पहिल्यांदाच मला शिट्टीचा राग आला नाही.

बारावं गाणं सगळ्यांत अवघड. नदी गाव सोडते. तिथं सगळी वाद्यं थांबतात. वेंकू एक ओळ एकटी म्हणते, मग क्षणभर शांतता, आणि मग तीच ओळ आणखी वर चढून. घरी सरावात ती ओळ यायची तेव्हा मी मागल्या अंगणात निघून जायची.

तिनं ओळ म्हटली. शांतता झाली. आणि त्या शांततेत नागलक्ष्मी अक्कांनी ती ओळ उचलली.

आमच्या भजनात पुढे बसणारा एकजण ओळ सांगतो आणि बाकीच्यांनी ती परत म्हणायची, हे अक्का पन्नास वर्षं करत आल्या आहेत. तो थांबला की त्यांचं तोंड आपोआप उघडतं. त्यांच्यामागून आमच्या चौघीजणी. आणि खोटं कशाला बोलू, मीही.

मागून हशा पिकला. "पाट्टी, हा भजनमठ नव्हे!" कोणीतरी तमिळमध्ये ओरडलं. पाट्टी म्हणजे आजी. अक्कांनी तोंडावर पदर धरला. मी वेंकूकडे पाहिलं. ती गायची थांबली होती. गेला, म्हटलं, आवाज गेला.

तर तिनं आमच्याकडे हात केला, राधाकल्याणात करते तसा, आणि पुढची ओळ खालच्या सुरात आम्हाला दिली. अक्कांनी पदर काढला. आम्ही म्हटलं. नटराजचा हात तारांवर तसाच अडकलेला. मग ड्रमवाल्यानं हलका ठेका धरला. तिसऱ्या ओळीला हसणारी पोरंही म्हणायला लागली. चवथी ओळ सगळ्या नाट्यगृहानं म्हटली. मग वेंकूनं मूठ मिटली, आम्ही गप्प झालो, आणि ती राहिलेली उंच ओळ तिनं एकटीनं घेतली. कुठेही न फाटता, शेवटपर्यंत.

नाटक संपल्यावर मी थर्मास घेऊन आत धावले. "बरं झालं गे, आम्ही ओळ धरली. तेवढाच तुला दम मिळाला."

ती घाम पुसत हसली. "मला कुठे दम लागला होता? मी तशीच पुढे गेले असते तर अक्का दोनशे माणसांत एकट्या पडल्या असत्या. त्यांना गाण्यातच कसं बसवून घ्यायचं, एवढंच सुचलं."

आवाज स्वच्छ होता. घोगरेपणाचं नाव नाही. चौदा गाणी होईपर्यंत मी फक्त तिचा गळा पाहिला होता. तिनं मात्र गाता गाता आम्हा सगळ्यांना सांभाळलं होतं. त्या अरुंद खोलीत, पावडरच्या आणि तापलेल्या वायरींच्या वासात, माझी छाती अशी भरून आली की थर्मासचं झाकण फिरवायला जमेना.

तेवढ्यात नटराज आला. "अम्मा, तो तुकडा आता तसाच ठेवणार. मे महिन्यात मद्रासला तीन आठवडे बोलावलंय, आठवड्याला सहा प्रयोग. वेंकटलक्ष्मी म्हणते, अम्मांना विचारा. मी सकाळी सातच्या गाडीनं निघतोय. तिथं हो की नाही सांगायचंय."

"आणि मद्रासला अक्का कुठून आणशील?" वेंकू म्हणाली.

दारातून अक्कांचा आवाज आला, "मे महिन्यात मला काय काम आहे?"

सगळे हसले. मी नटराजला म्हटलं, तू निघायच्या आत कळवते. घरी येतानाही वेंकूनं विषय काढला नाही. जेवली, पाय धुतले, सोमवारच्या वह्या काढून ठेवल्या आणि झोपली. मी नाही म्हटलं तर ती एक शब्द न बोलता शाळेत जाईल, हे मला ठाऊक आहे. तेच आता घशाच्या गाठींपेक्षा जास्त टोचतं आहे.

धास्ती जाईल असं नाही. चोवीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आहे, मद्रासलाही येईल. पण दोनशे माणसांच्या हशात जिला दुसऱ्याची लाज राखायची सुचते, तिला स्वतःचा घसा राखता येणार नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

नटराजच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे. साडेपाचला, वेंकू उठायच्या आत, करते. हो म्हणून सांगते. पण आठवड्याला सहा नाही, चार प्रयोग. तो कुरकुरेल. कुरकुरू दे.